वर्ध्यातील आरोग्य-संशोधन, गावे आणि विद्यार्थी

वर्धा जिल्ह्यातील वैद्यकीय संशोधनाचा इतिहास कुष्ठरोगाच्या घरोघर केलेल्या पाहणीपासून सुरू होतो. 1936 मध्ये मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभारली. त्याच सुमारास गांधीजी शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री यांना कुष्ठरोग झाला होता. गांधीजींनी त्यांना आश्रमाच्या आवारातच कुटी बांधून दिली आणि त्यांची शुश्रूषा स्वतः केली. ही सेवा होती, संशोधन नव्हते. मात्र या रोगाच्या माणसाला गावाबाहेर काढण्याची गरज नाही, हे परिसरातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे घरोघर जाऊन तपासणी करणाऱ्यांना या अनुभवाचा फार उपयोग झाला.

1951 मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. तोवर डॅप्सोन हे औषध हाती आले होते. गोळी स्वस्त होती आणि रुग्णाला घरी ठेवून देता येत होती. संस्थेचे डॉ. वार्डेकर यांनी त्यावर एक कार्यपद्धती बसवली: आधी गावातल्या प्रत्येक माणसाची तपासणी, सोबत लोकशिक्षण, आणि सापडलेल्या रुग्णाला त्याच्या गावातच औषध. पाहणी, शिक्षण आणि उपचार या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘सेट’ पद्धत म्हणून ओळखली गेली. 1955 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाची मांडणी पुढे याच पद्धतीवर झाली.

या तीन पायऱ्यांतली मधली पायरी वगळली असती तर उरलेल्या दोन टिकल्या नसत्या. कुष्ठरोगाची तपासणी भरपूर उजेडात आणि अंगावरचे कपडे बाजूला सारून करावी लागते. चट्टा पाठीवर, मांडीवर, कुठेही असू शकतो. त्यावर कापसाचा धागा किंवा पिसाचे टोक हलकेच टेकवायचे आणि डोळे मिटलेल्या माणसाने स्पर्श जाणवला ती जागा बोटाने दाखवायची. मग कोपराजवळची, गुडघ्याच्या बाजूची मज्जातंतूची दोरी चाचपून ती जाड झाली आहे का, दुखते का, ते पाहायचे. रोग पूर्वजन्मीचे पाप आहे, तो घराण्यातून उतरतो, त्याचे नाव निघाले तर मुलीचे लग्न मोडेल, अशी भीती ज्या घरात आहे तिथे परक्या माणसापुढे कोण उभे राहील? म्हणून कार्यकर्ते आधी बसत आणि बोलत. हा रोग जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सनने 1873 मध्येच तो जंतू दाखवला आहे. तो फार सावकाश वाढतो, त्यामुळे लागण आणि लक्षण यांत सरासरी पाच वर्षे आणि कधी त्याहून कितीतरी अधिक काळ जातो. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला रोखण्याची ताकद उपजतच असते. हे सगळे एका बैठकीत पटत नसे. पुन्हा जावे लागे, सुगीच्या दिवसांत रात्री जावे लागे, बायकांची तपासणी बायकांनीच करावी लागे.

या तपासण्यांतून रुग्ण सापडत, तशीच माहितीही जमा होत होती. कोणत्या वयात रोग जास्त दिसतो, लहान मुलांत तो किती आहे, औषध अर्धवट सोडणारे किती आणि ते का सोडतात, या प्रश्नांची उत्तरे रुग्णालयाच्या नोंदवहीतून मिळत नाहीत. रुग्णालयात पोचतो तो रोग पुढे गेलेला, बोटे वाकलेला माणूस. घरात बसलेला, एक फिकट चट्टा असलेला माणूस दारात गेल्यावरच दिसतो. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन यांचे एकत्रित बहुविध औषधोपचार देशात आले, तेव्हा ते सर्वांत आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. इथल्या गावांना तपासणीची सवय होती, नोंदी तयार होत्या आणि औषध घरपोच नेणारी माणसेही होती. 2005 च्या अखेरीस देशात कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांमागे एका रुग्णाच्या खाली आले. त्या आकड्यामागे अशा हजारो घरांच्या उंबऱ्यांवरचे काम आहे.

लोकांशी बोलणे हा संशोधनानंतर करायचा प्रचार नसून संशोधनाचाच भाग आहे, हे वर्ध्याने असे फार आधी करून पाहिले. पुढे वैद्यकीय महाविद्यालय आल्यावर या विचाराला अभ्यासक्रमाचे रूप मिळाले.

सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाले. त्यामागे डॉ. सुशीला नायर होत्या. गांधीजींच्या सहवासात असताना त्यांनी सेवाग्रामात दवाखाना चालवला होता, त्यातूनच 1940 च्या दशकात कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले. केंद्रीय आरोग्यमंत्री म्हणून काम करताना, शहरात शिकलेला डॉक्टर गावात का टिकत नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज येत होता. खेड्यात उभ्या राहिलेल्या या पहिल्या वैद्यकीय महाविद्यालयाची रचना त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून झाली. प्रवेश घेतलेले विद्यार्थी पहिले दिवस आश्रमातल्या शिबिरात काढतात. तिथे श्रमदान, सूतकताई आणि प्रार्थना असते. त्यानंतर पहिल्याच वर्षी सगळी तुकडी एका गावात सुमारे पंधरा दिवस मुक्कामाला जाते.

या सामाजिक सेवा शिबिरात प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबे येतात. शरीररचनाशास्त्राची पुस्तके अजून नवी असतात, रोगाचे नाव सांगता येत नाही, गोळी देण्याचा अधिकार नाही. हातात असते ती एक वही. घरात किती माणसे, पाणी कुठून येते, चूल की गॅस, स्वयंपाकात काल काय शिजले, मागच्या वर्षी कोण आजारी पडले, कर्ज किती. पहिल्या दिवशी उत्तरे तुटक येतात. मुलगी शेजारच्या मैत्रिणीकडे बघून हसते, आजी उत्तर देण्याऐवजी विद्यार्थ्यालाच गावाचे नाव, जात, आईवडील विचारते. चौथ्या-पाचव्या दिवशी चहा येतो आणि पहिल्या दिवसाची अर्धी उत्तरे चुकीची होती हे कळते. दारू पिणारे कोणी नाही असे सांगितलेल्या घरात दारूच आजाराचे कारण निघते. आहाराच्या तक्त्यात रोज डाळ लिहिलेली असते, ती आठवड्यातून दोनदाच शिजते. सांख्यिकीच्या तासाला या फरकाला मोजणीतला दोष म्हणतात. विद्यार्थ्याला तो तास ऐकण्याच्या आधीच त्याचे कारण समजलेले असते: अनोळखी माणसाला माणसे चांगले दिसेल असे उत्तर देतात.

शिबिर संपल्यावर संबंध संपत नाही. तीच तुकडी पुढची वर्षे ठरलेल्या दिवशी त्याच गावात, त्याच घरांत जात राहते. एखाद्या घरात या काळात बाळ जन्मते, एखाद्या घरातले म्हातारे माणूस जाते, नापिकीच्या वर्षी घरातला तरुण शहरात निघून जातो. एकदाच केलेल्या पाहणीत असे बदल कधीच दिसत नाहीत. रोगाचे मूळ शोधणाऱ्या दीर्घकालीन अभ्यासाचे तत्त्वही हेच आहे, फक्त इथे विद्यार्थ्याच्या वहीत कुटुंबाची नावे आहेत.

गावाचा विश्वास कशावर टिकतो, याचे एक उत्तर कस्तुरबा रुग्णालयाच्या कामातून मिळाले. डॉ. उल्हास जाजू यांनी परिसरातल्या गावांसाठी जी आरोग्य विमा योजना उभी केली तिचा हप्ता ज्वारीत भरला जाई. ज्याची शेती जास्त त्याची ज्वारी जास्त, मजुराची थोडी. गावातली बहुतेक कुटुंबे सामील झाली तरच गाव योजनेत येई. पीक हाती आल्यावर हप्ता गोळा करायचा, कारण तेव्हाच घरात काही असते. ज्या गावाला आजारपणात रुग्णालय उपयोगी पडते, त्या गावात प्रश्नावली घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याला दार उघडे मिळते. या ओघात एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: उपचाराची सोय न करता फक्त माहिती गोळा करणाऱ्या संस्थेला गावाने नकार दिला, तर त्यात गावाचे काही चुकत नाही.

हत्तीरोगाच्या अभ्यासात या विश्वासाची खरी कसोटी लागली. वर्धा हा हत्तीरोगाच्या पट्ट्यातला जिल्हा. डासाच्या चाव्यातून शरीरात शिरलेले कृमी लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्ले रक्तात फिरतात. या पिल्लांची एक विचित्र सवय आहे. दिवसा ती फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, क्युलेक्स डास चावायच्या वेळी, त्वचेजवळच्या रक्तात येतात. म्हणून रक्ताचा नमुना रात्रीच घ्यावा लागतो. पथक गावात पोचते तेव्हा जेवणे आटोपलेली असतात, मुले झोपलेली असतात. झोपलेल्या मुलाला उठवून त्याच्या बोटाला सुई टोचू द्यायची, आणि तीही मूल ठणठणीत असताना! रोगाची सूज पायावर दिसायला कित्येक वर्षे लागतात. ज्याच्या रक्तात पिल्ले आहेत त्याला बहुधा काहीच होत नसते. अशा वेळी आईला काय सांगायचे, हा या कामातला खरा प्रश्न असतो.

सेवाग्रामच्या जीवरसायनशास्त्र विभागात आणि जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात डॉ. भास्कर हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगावर दीर्घकाळ काम केले. रात्रीच्या रक्तातून मिळालेली कृमींची पिल्ले प्रयोगशाळेतल्या द्रावणात काही काळ जिवंत ठेवायची, त्यांनी त्या द्रावणात सोडलेली प्रथिने वेगळी करायची आणि त्यांच्या आधारे रुग्णाच्या रक्तातली प्रतिद्रव्ये ओळखणारी एलायझा चाचणी बसवायची, असा तो मार्ग होता. रात्रीच्या नमुन्यावरचे अवलंबन कमी करणे हा त्याचा एक व्यावहारिक फायदा. क्षयरोगाच्या जंतूंपासून मिळणाऱ्या प्रथिनांवरही तिथे अशाच दिशेने काम झाले. या शोधनिबंधांचा कच्चा माल आसपासच्या गावांतल्या माणसांच्या रक्तातून आला, ही गोष्ट त्या कामाची मांडणी करताना विसरता कामा नये. प्रयोगशाळेतल्या नळीवर नाव नसते, क्रमांक असतो. क्रमांकामागच्या माणसाने मध्यरात्रीच्या सुमारास हात पुढे केला म्हणून तो क्रमांक पडला.

हत्तीरोगाच्या सामुदायिक औषधोपचारात बोलण्याचे महत्त्व पुन्हा दिसते. डीईसी आणि अल्बेंडॅझोलच्या गोळ्या वर्षातून एकदा निरोगी माणसांनीही घ्यायच्या असतात. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे वगळली जातात. ज्यांच्या रक्तात पिल्ले असतात त्यांना गोळी घेतल्यावर कधी ताप येतो, डोके दुखते, मळमळते. मरणाऱ्या कृमींविरुद्धची ती शरीराची प्रतिक्रिया असते. हे आधी सांगितले तर ताप हा औषध लागू पडल्याचा पुरावा ठरतो. आधी सांगितले नाही तर त्याच तापाची बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गावात पसरते, आणि पुढच्या वर्षी गोळ्या घरात घेतल्या जातात पण पोटात जात नाहीत. म्हणून आता गोळी समक्ष गिळायला लावण्यावर भर असतो. तरीही कार्यकर्त्याचे आधीचे दोन शब्द त्यापेक्षा जास्त काम करतात.

संशोधनात शिरण्याची औपचारिक संधी एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला मिळते ती मुख्यतः भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या लघुमुदतीच्या विद्यार्थी शिष्यवृत्तीतून. ‘एसटीएस’ या नावाने ती सगळ्या महाविद्यालयांत ओळखली जाते. परिषदेची मुळे 1911 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनमध्ये आहेत, आजचे नाव 1949 मधले. विद्यार्थ्यांसाठीची ही योजना 1979 मध्ये सुरू झाली. विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातला एक मार्गदर्शक निवडायचा, ठरलेल्या नमुन्यात प्रस्ताव पाठवायचा, निवड झाली की दोन महिन्यांत काम पुरे करून अहवाल सादर करायचा. अहवाल मान्य झाला तरच प्रमाणपत्र आणि रक्कम मिळते. ही रक्कम बराच काळ 10,000 रुपये होती, नंतर 20,000 झाली आणि अलीकडे 50,000 रुपयांपर्यंत वाढली. सेवाग्रामच्या आणि 1990 मध्ये सुरू झालेल्या सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना या योजनेची ओळख अभ्यासक्रमाच्या सुरुवातीच्या वर्षांतच होते, कारण वरच्या तुकडीतला कोणी ना कोणी त्यात गुंतलेला असतो.

या शिष्यवृत्तीची किंमत तिच्या रकमेवरून करणे चुकीचे आहे. प्रवास, छपाई, तपासणीचे साहित्य यांत ती सहज संपते. तिचे मोल असे की एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींना संशोधनाची एक पूर्ण फेरी, लहान का होईना, स्वतः मारावी लागते. प्रश्न सुचणे, तो प्रश्न आधी कोणी सोडवला आहे का ते पाहणे, किती माणसांची माहिती लागेल ते गणिताने ठरवणे, नीतिमत्ता समितीपुढे उभे राहणे, माहिती गोळा करणे, ती तपासणे आणि शेवटी तिचा अर्थ लावणे. पदव्युत्तर शिक्षणात प्रबंध लिहिताना अनेकांना हे सगळे पहिल्यांदाच करावे लागते, आणि तेव्हा रुग्णालयातले कामही डोक्यावर असते.

प्रश्न सुचण्याची पायरी सर्वांत अवघड असते आणि तिथेच गावातली पंधरा दिवसांची वही कामाला येते. शहरातल्या महाविद्यालयातला विद्यार्थी बहुधा परदेशी नियतकालिकातला प्रश्न उचलतो आणि तो इथल्या रुग्णांवर बसवतो. ज्याने घरे पाहिली आहेत तो वेगळे विचारतो. गावातल्या किशोरवयीन मुलींना लोहाच्या गोळ्या शाळेतून मिळतात, तरी रक्तक्षय का हटत नाही? क्षयाचा रुग्ण दोन महिन्यांनी बरे वाटू लागल्यावर औषध का सोडतो? खर्रा किती वयात सुरू होतो आणि पहिला खर्रा कोण देतो? या शेवटच्या प्रश्नाचा विदर्भाशी फार जवळचा संबंध आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर घोटून केलेला खर्रा तोंडाच्या आतल्या अस्तराला हळूहळू ताठ करतो, तोंड उघडेनासे होते आणि त्या जागी कर्करोगाचा धोका वाढतो. तंबाखूचे प्रकार एकेक करून न विचारता सरसकट व्यसनाची चौकशी केली तर शाळेतली मुले नाही म्हणतात, आणि अभ्यासाचा निष्कर्ष खोटा पडतो. म्हणून प्रश्नावली आधी दहा-वीस जणांवर करून पाहणे आणि तिच्यातली पुस्तकी मराठी काढून टाकणे हे काम मार्गदर्शक आग्रहाने करून घेतात.

वेळेचे गणित वेगळेच. शिष्यवृत्तीचे दोन महिने अनेकदा पावसाळ्यात येतात. तेव्हा कपाशीत निंदण आणि डवरण चालू असते. सकाळी आठनंतर घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले सोडून कोणी सापडत नाही. अकरा वाजता गावात गेलेला विद्यार्थी ज्यांना भेटतो त्यांचीच माहिती भरून परतला, तर त्याचा नमुना गावाचा राहत नाही, घरी राहणाऱ्यांचा होतो. निवडलेले घर बंद असेल तर शेजारचे घर घ्यायचे नाही, पुन्हा यायचे, हा नियम कागदावर सोपा दिसतो. चिखलातून तिसऱ्यांदा त्याच दारात जाताना त्याचे कारण समजते: वारंवार बंद असणारे घर बहुधा सर्वांत गरीब मजुराचे असते, आणि रोगही तिथेच जास्त असतो. आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्याशिवाय हे काम पुढे सरकत नाही. कोणती बाई कधी घरी असते, कोणत्या घरात सध्या दुःख आहे, कुठे आज जायचे नाही, हे त्यांना तोंडपाठ असते. विद्यार्थ्यांच्या अहवालांत त्यांचे नाव आभाराच्या ओळीत येते. खरे पाहता माहिती गोळा करण्याच्या पद्धतीच्या प्रकरणात त्यांचा वाटा लिहायला हवा.

संमतीचा कागद हा या सगळ्यातला सर्वांत गंभीर भाग. परिषदेने संशोधनातील नीतिमत्तेचे पहिले निवेदन 1980 मध्ये काढले आणि सध्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे 2017 ची आहेत. सहभागी माणसाला त्याच्या भाषेत अभ्यासाचा हेतू, त्रास, फायदा आणि कधीही बाहेर पडण्याचा हक्क सांगायचा. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घ्यायचा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची परवानगी लागते, आणि समजत्या वयाच्या मुलाचा स्वतःचा होकारही. विद्यार्थी पहिल्या काही घरांत हा कागद घाईने वाचतो. ऐकणारी बाई मान डोलावते आणि मग साध्या आवाजात विचारते, “याचा रिपोर्ट आमाले भेटन का?” या एका प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता आले पाहिजे. हिमोग्लोबिन मोजणार असू, तर आकडा त्याच दिवशी सांगायचा. तो फार कमी निघाला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणाला भेटायचे हे लिहून द्यायचे. हे उत्तर तयार नसेल तर अभ्यास सुरू करण्याची परवानगी मिळू नये, इतका हा मुद्दा पायाभूत आहे. पांढरा कोट पाहून दिलेला होकार खरा होकार असतोच असे नाही. ज्या रुग्णालयात उद्या बाळंतपणाला जायचे आहे तिथल्या मुलाला नाही म्हणणे बाईला जड जाते. म्हणून चांगला मार्गदर्शक विद्यार्थ्याला नकार घ्यायलाही शिकवतो: दोनदा विचारू नये, चेहरा पाडू नये, नकाराची नोंद करावी आणि पुढे जावे.

सिकलसेलच्या अभ्यासात गुप्ततेचा प्रश्न याहून टोकदार होतो. भारतात हा आनुवंशिक रक्तदोष 1952 मध्ये निलगिरीत प्रथम नोंदला गेला आणि पुढे विदर्भातल्या अनेक समाजांत तो आढळला. वाहक माणूस सामान्य आयुष्य जगतो, पण आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. आजार झालेल्या अपत्याला वारंवार असह्य वेदना, रक्तक्षय आणि जंतुसंसर्ग यांना तोंड द्यावे लागते. तपासणी झाली तर लग्नाआधी सल्ला देता येतो, नवजात बाळाला वेळेवर लसी आणि प्रतिजैविके देता येतात. मात्र शाळेत सरसकट तपासणी करून निकाल वर्गात वाचून दाखवले, तर वाहक मुलीच्या नावावर कायमचा शिक्का बसतो. मुलगाही तितकाच वाहक असतो, पण बोट मुलीकडेच दाखवले जाते. म्हणून निकाल एकेकाला, पालकांसमोर, समजावून द्यायचे. 25 टक्के म्हणजे चार मुलांत नक्की एक असे नाही, दर खेपेला तीच शक्यता नव्याने असते, हे समजावायला वेळ लागतो आणि तो द्यावा लागतो. 2023 मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, त्यामुळे तपासण्यांची संख्या आता फार वाढली आहे आणि समजावणाऱ्या माणसांची गरजही त्याच प्रमाणात.

प्रश्न विचारण्याची आणि नोंद ठेवण्याची ही सवय शाळेतही लागू शकते, आणि त्यासाठी काही योजना व स्पर्धा आहेत. शाळकरी मुलांच्या कल्पनांना 10,000 रुपये देणारी इन्स्पायर-मानक योजना, राष्ट्रीय बालविज्ञान परिषद, मुंबईत 1981 पासून चालणारी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा यांतून आरोग्याशी जोडलेले प्रकल्प पुढे येऊ शकतात. गावातल्या पाण्याची तपासणी, डासांच्या अळ्या कुठे सापडतात त्याचा नकाशा, मध्यान्ह भोजनातल्या प्रथिनांचा हिशेब, एवढ्या साधनांत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना होण्यासारखे हे विषय आहेत. अडचण अशी की प्रदर्शनात चकाकणारी प्रतिकृती बक्षीस मिळवते आणि महिनाभर भरलेली नोंदवही मागे पडते. परीक्षकांनी वही मागितली तर शिक्षक ती भरून घेतील.

मिळालेले ज्ञान लोकांकडे परत कसे न्यावे, याचे ठळक उदाहरण वर्ध्यानेच दिले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वर्ध्याच्या चेतना विकास संस्थेतर्फे गावांत काम करत होते. रोजगार हमीच्या मजुरीचा दर ठरवताना शासकीय समितीने मजुराच्या कुटुंबाला लागणाऱ्या अन्नाचा जो हिशेब केला होता, त्यातल्या चुका डॉ. बंग यांनी पोषणशास्त्राच्या आधारे दाखवून दिल्या. मजूर संघटनांनी तो अभ्यास हाती घेतला आणि राज्यातला किमान दर 4 रुपयांवरून 12 रुपये झाला. 1986 पासून गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या माध्यमातून त्यांनी हीच रीत पुढे नेली. दोन गावांतल्या 650 स्त्रियांच्या तपासणीत 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. तो निबंध 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि निष्कर्ष गावांतही नेले गेले. घरोघरी नवजात बाळाची काळजी घेणाऱ्या गावातल्याच स्त्रियांच्या प्रयोगाने 39 गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 च्या निबंधाने जगासमोर आणले. निर्णय घेणाऱ्यांपर्यंत आकडा पोचला आणि ज्यांच्याकडून आला त्यांच्यापर्यंतही पोचला, म्हणून या अभ्यासांना बळ मिळाले.

विद्यार्थ्यांच्या छोट्या अभ्यासांत हा परतीचा प्रवास बहुधा राहून जातो. अहवाल आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेकडे जातो, कधी एखाद्या संमेलनात भित्तिपत्रक लागते, कधी निबंध छापला जातो, आणि तोवर विद्यार्थी पुढच्या परीक्षेच्या अभ्यासाला बसलेला असतो. अपेक्षेविरुद्ध निकाल आला तर अहवालही कपाटात राहतो. लोहाच्या गोळ्यांबद्दल शाळेत माहिती दिल्यानंतरही गोळी घेणाऱ्या मुली वाढल्या नाहीत, असा निष्कर्ष निघाला तर तो सुद्धा कामाचा आहे, कारण पुढच्या वर्षी तोच कार्यक्रम तसाच करण्याचा खर्च वाचतो. परिषदेने आणि महाविद्यालयांनी शिष्यवृत्तीच्या अहवालासोबत गावाला दिलेले एक मराठी पान जोडणे सक्तीचे करावे. त्या पानावर काय पाहिले, किती घरांत पाहिले, काय निघाले, कशाची खात्री नाही आणि गावाला आता काय करता येईल, एवढेच असावे. कोणाचे नाव, वाडी किंवा जात त्यावरून ओळखू येता कामा नये. ते पान ग्रामपंचायतीत आणि अंगणवाडीत लावावे, आशाताईंच्या बैठकीत वाचावे, आणि ग्रामसभेत विद्यार्थ्याने स्वतः उभे राहून समजावावे. तिथे विचारले जाणारे प्रश्न लिहून घ्यावेत, पुढच्या तुकडीच्या प्रस्तावांना ते विषय म्हणून द्यावेत.